वेल फिलिप्स यांचं एकटीचं मत आणि त्यामागची कागदपत्रं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा सापडेल. तुम्ही पुण्यात राज्यशास्त्राच्या संशोधक विद्यार्थिनी आहात. शहरांच्या सभागृहांत एकट्या पडलेल्या लोकप्रतिनिधींवर तुमचा प्रबंध आहे आणि त्यासाठी तुम्ही अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहराच्या नगरसेविका वेल फिलिप्स यांना निवडलंय. तुमची अडचण अशी, की घरांमधल्या भेदभावाविरुद्धचा त्यांचा प्रस्ताव चार वेळा १८ विरुद्ध १ मतांनी पडला. कायदा झाला तो शेवटी मोर्चांच्या रेट्यामुळे. मग बाईंना श्रेय द्यायचं ते नेमकं कशाचं? आणि त्यांच्या कागदपत्रांत याचं उत्तर सापडेल, की तिथे नुसती भाषणं आणि मानपत्रंच असतील?

लोकप्रतिनिधींची कागदपत्रं लावणं, त्यांची सूची करणं आणि संशोधकांना ती शोधायला मदत करणं हे अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या अभिलेखागारांत मी गेली अनेक वर्षं करत आलेय. त्या अनुभवावरून माझं मत आधीच सांगून टाकते. श्रेय नक्कीच आहे, आणि ते प्रस्ताव पुन्हा पुन्हा मताला लावण्याचं आहे. १९६७ मध्ये तरुण पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा काय मागायचं याचा मसुदा तयार होता, आणि कुठल्या नगरसेवकाने त्यावर काय मत दिलं हे शहराच्या छापील इतिवृत्तात नोंदलेलं होतं. या दोन्ही गोष्टी आयत्या मिळत नसतात. पाच वर्षं एकटीने हरत राहून त्यांनी त्या उभ्या केल्या.

आता सविस्तर.

वेल फिलिप्स मूळच्या मिलवॉकीच्याच. नॉर्थ डिव्हिजन हायस्कूलमध्ये शिकल्या, वक्तृत्वाच्या जोरावर शिष्यवृत्ती मिळवून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गेल्या आणि १९४६ मध्ये पदवीधर झाल्या. १९५१ मध्ये त्यांनी मॅडिसनला विस्कॉन्सिन विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली. तिथून ती घेणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. पती डेल फिलिप्स हेही वकील. १९५३ मध्ये त्या शिक्षण मंडळाच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. प्राथमिक फेरी पार केली, पण शेवटी हरल्या. तुमच्या प्रबंधात हा पराभव एका ओळीत गुंडाळू नका. तो मुकाबला शहरभरच्या मतदारांसमोरचा होता. नंतरचा विजय एका प्रभागातला आहे. शहरभरातून हरलेली उमेदवार प्रभागातून जिंकते, या फरकातच त्या काळच्या मिलवॉकीचं निम्मं राजकारण आहे.

१९५० च्या जनगणनेनंतर प्रभागांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या आणि शहराच्या उत्तर भागात, जिथे कृष्णवर्णीय वस्ती दाट होती, तिथे जिंकता येईल असा प्रभाग तयार झाला. एप्रिल १९५६ मध्ये फिलिप्स तिथून निवडून आल्या. मिलवॉकीच्या कॉमन कौन्सिलमधल्या, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत महापालिकेच्या सभागृहातल्या, त्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन सदस्य. सभागृहात स्त्री सदस्याला हाक काय मारायची हेसुद्धा ठरलेलं नव्हतं. शेवटी ‘मॅडम आल्डरमन’ (आल्डरमन म्हणजे नगरसेवक) हे संबोधन रूढ झालं.

याच निवडणुकीत महापौरपदाचीही लढत होती. फ्रँक झायडलर हे समाजवादी महापौर पुन्हा उभे होते. त्यांच्याविरुद्ध अफवा पसरवण्यात आली, की दक्षिणेकडच्या राज्यांत फलक लावून ते कृष्णवर्णीयांना मिलवॉकीत राहायला बोलावताहेत. असे फलक कुठेही नव्हते. झायडलर निवडून आले, पण १९६० मध्ये ते पुन्हा उभे राहिले नाहीत. फिलिप्स यांच्या विजयाचं वर्णन करताना हे वातावरण शेजारी ठेवा. ‘पहिली स्त्री, पहिली कृष्णवर्णीय’ असं नुसतं लिहिलं की शहर उदार होतं असं वाटून जातं. त्याच मतदानाच्या दिवशी शहरभर कुजबूज चालू होती, की हे लोक येऊन आपली घरं बळकावतील.

सभागृहाची रचनाही समजून घ्या, नाहीतर महाराष्ट्रातली महापालिका डोळ्यांसमोर ठेवून गल्लत होईल. आपल्याकडे महापौर सभागृहाचे अध्यक्ष आणि कारभाराची सूत्रं आयुक्तांकडे. मिलवॉकीत महापौर थेट लोकांमधून निवडला जातो आणि कारभाराचा प्रमुखही तोच. नगरसेवकाची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. त्यामुळे फिलिप्स यांच्या पाठीशी सभागृहात पक्ष नव्हता, गट नव्हता आणि पक्षादेशही नव्हता. १९५८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीवर त्यांची निवड झाली. त्या समितीवरच्याही त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन. पण राष्ट्रीय पातळीवरच्या या वजनाचा सभागृहातल्या अठरा जणांवर काही परिणाम झाला नाही.

आता मुख्य विषय, घरांचा. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांतल्या नोकऱ्यांसाठी दक्षिणेकडून कृष्णवर्णीय कुटुंबं मोठ्या संख्येने मिलवॉकीत आली. १९६० च्या सुमारास शहरात त्यांची संख्या साठ हजारांच्या वर गेली होती. राहायला मात्र उत्तरेकडचा ठरावीक पट्टा. उपनगरांतल्या जमिनींच्या खरेदीखतांत ‘गोऱ्यांखेरीज कुणाला विकू नये’ अशी कलमं असत. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी कलमं न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला. पण खरेदीखतातली ओळ तशीच राहिली, आणि दलाल, बँका नि घरमालक यांना ती ओळ पाहायचीही गरज नव्हती. त्यात महामार्ग आणि नागरी पुनर्विकासाच्या नावाखाली त्याच पट्ट्यातली घरं पाडली जात होती. वॉलनट स्ट्रीटच्या आसपासची जुनी भरभराटीची वस्ती अशीच उद्ध्वस्त झाली. घर पाडलेल्या कुटुंबाला शहरात दुसरीकडे कुणी जागा देत नव्हतं.

मिलवॉकीच्या घरांची ठेवण इथे फार महत्त्वाची आहे. तिथे दुमजली घरांच्या रांगाच्या रांगा आहेत. खाली मालक, वर भाडेकरू. कामगार कुटुंबाने कर्ज काढून असं घर घ्यायचं आणि वरच्या मजल्याच्या भाड्यातून हप्ता फेडायचा, अशी रीत. विस्कॉन्सिन राज्याने १९६५ मध्ये घरांबाबत भेदभावविरोधी कायदा केला, पण स्वतंत्र घरं आणि मालक स्वतः राहत असलेल्या छोट्या इमारती त्यातून वगळल्या. कागदावर ही किरकोळ सवलत वाटते. मिलवॉकीच्या एखाद्या गल्लीत उभं राहून पाहिलं, की ती किती मोठी आहे ते कळतं. जागा शोधत फिरणाऱ्या कुटुंबाला ज्या दारांवर नकार मिळत होता, नेमकी तीच दारं कायद्याच्या बाहेर. ‘राज्याचा कायदा असताना शहराचा वेगळा कायदा कशाला?’ असं सभागृहात विचारलं जाई, त्याचं उत्तर या दुमजली घरांत आहे. तुमच्या प्रबंधात यावर एक पूर्ण प्रकरण होईल.

मार्च १९६२ मध्ये फिलिप्स यांनी पहिला प्रस्ताव मांडला. वंश, धर्म वा मूळ देश यांवरून घर विकायला किंवा भाड्याने द्यायला नकार देणं शहरात बेकायदा ठरवावं, असा त्याचा आशय. मत पडलं एक, त्यांचं स्वतःचं. १९६७ पर्यंत त्यांनी तो आणखी तीनदा आणला आणि तिन्ही वेळा तेच झालं.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी येऊ. हरणार हे माहीत असताना प्रस्ताव परत का आणायचा? सभागृहाचं कामकाज ज्याने जवळून पाहिलंय त्याला याचं उत्तर चटकन सुचेल. नकोशा प्रस्तावाला विरोध करायची वेळ बहुमतावर सहसा येतच नाही. तो समितीकडे जातो आणि तिथे पडून राहतो, किंवा ‘दप्तरी दाखल करावा’ अशा शिफारशीसह परत येतो आणि इतर वीस विषयांबरोबर एका दमात निकाली निघतो. कुणी विरोध केला, का केला, हे कुठेच दिसत नाही. नावानिशी मतदान झालं की ही सोय संपते. अठरा नावं छापली जातात. त्या अठरांत असे गोरे नगरसेवक होते ज्यांच्या प्रभागांत कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येने राहत होते. प्रभागात जाऊन ते काहीही सांगोत, इतिवृत्तात त्यांचं मत विरोधात होतं.

त्या छापील नावांचा उपयोग कुणी केला, ते पाहा. १९६७ च्या उन्हाळ्यात एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या मिलवॉकी युवा परिषदेने आणि तिचे सल्लागार फादर जेम्स ग्रॉपी यांनी घरांचा प्रश्न हाती घेतला. सुरुवातीला त्यांनी निदर्शनं केली ती नगरसेवकांच्या घरांसमोर, आणि निवडले ते हेच: कृष्णवर्णीय मतदारांचे प्रतिनिधी असूनही ज्यांनी फिलिप्स यांच्या प्रस्तावाविरुद्ध मत दिलं होतं. कुणाच्या दारात जायचं हे त्या मुलांना सभागृहाच्या मतदानातून कळलं. सभागृहातली एक बाई आणि रस्त्यावरची मुलं यांच्यातला दुवा तुम्ही शोधत होतात ना, तो हा. मोर्चा की सभागृह असा सामना लावून लिहिलं तर हा दुवा हातातून निसटेल.

पुढचा घटनाक्रम तुम्हाला माहीत आहेच, तेव्हा भराभर सांगते. जुलै १९६७ च्या अखेरीस शहरात दंगल झाली, संचारबंदी लागली. २८ ऑगस्टला युवा परिषदेचा मोर्चा मेनॉमनी नदीच्या खोऱ्यावरचा सोळाव्या रस्त्याचा पूल ओलांडून दक्षिणेच्या गोऱ्या, मुख्यतः पोलिश वंशाच्या वस्तीत कोशिउस्को पार्कपर्यंत गेला. हजारोंचा जमाव शिव्या देत, दगड-बाटल्या फेकत उभा होता. दुसऱ्या रात्री तो तेरा हजारांच्या घरात असल्याचा अंदाज आहे. मोर्चेकरी परतले त्या रात्री युवा परिषदेचं कार्यालय, फ्रीडम हाऊस, जळून खाक झालं. महापौर हेन्री मायर यांनी रात्रीच्या निदर्शनांवर बंदी घातली. जळक्या फ्रीडम हाऊसपाशी बंदी मोडून सभा झाली आणि पोलिसांनी अनेकांना पकडलं. त्यांत वेल फिलिप्स होत्या. त्या वेळी त्या शहराच्या विद्यमान नगरसेविका होत्या, हे विसरू नका. १४ मार्च १९६८ पर्यंत सलग दोनशे रात्री मोर्चे निघत राहिले.

मधल्या काळातली एक घटना बहुतेक लेखांत सुटून जाते, आणि मला ती फार बोलकी वाटते. डिसेंबर १९६७ मध्ये सभागृहाने घरांबाबतचा एक कायदा अखेर मंजूर केला. तो राज्याच्या १९६५ च्या कायद्याचीच नक्कल होता, त्याच सवलतींसह. फिलिप्स यांनी त्याच्या विरोधात मत दिलं. पाच वर्षं जिने या विषयावर एकटीने बाजू लढवली, ती पहिला कायदा होताना ‘नाही’ म्हणते. इतिवृत्त वरवर चाळणाऱ्याला हे मत कोड्यात टाकेल. दुमजली घरांचं गणित माहीत असलेल्याला असं कोडं पडणार नाही.

४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. ११ एप्रिलला घरांतल्या भेदभावाविरुद्धचा केंद्राचा कायदा झाला. त्या वसंतात मिलवॉकीत निवडणूक होऊन सभागृहात बरेच नवे चेहरे आले. ३० एप्रिलला शहराने आपला कायदा केला, आणि त्यात केंद्राच्या कायद्यापेक्षा सवलती कमी होत्या. कारणं अनेक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. ‘किंग यांच्या हत्येमुळे कायदा झाला’ असं एका वाक्यात लिहिणारे बरेच भेटतील. त्या वाक्यातून केंद्राच्या कायद्याची घाई समजते. मिलवॉकीचा कायदा त्याहून कडक का झाला, हे समजत नाही. त्यासाठी सहा वर्षांचे मसुदे शेजारी ठेवून वाचायला हवेत.

पुढची कारकीर्द तुमच्या विषयाच्या थोडी बाहेर आहे, तरी नोंद हवी. १९७१ मध्ये गव्हर्नर पॅट्रिक ल्युसी यांनी त्यांना मिलवॉकी काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) न्यायाधीशपदी नेमलं. मिलवॉकीतल्या त्या पहिल्या महिला न्यायाधीश आणि राज्यातल्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन न्यायाधीश. तिथे न्यायाधीशालाही निवडणूक लढवावी लागते. पुढच्या वर्षी त्या हरल्या. १९७८ मध्ये त्या विस्कॉन्सिनच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट (हे राज्य सरकारातलं पद, केंद्रातलं परराष्ट्रमंत्रिपद नव्हे) म्हणून राज्यभरातून निवडून आल्या. १९५३ मध्ये शहरभरातून शिक्षण मंडळावर निवडून येऊ न शकलेल्या बाई पंचवीस वर्षांनी अख्ख्या राज्यातून जिंकतात, ही तुलना करायला माझी हरकत नाही. १९८२ मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत पराभव झाला. एप्रिल २०१८ मध्ये त्यांचं निधन झालं. मिलवॉकीतल्या चौथ्या रस्त्याच्या मोठ्या भागाला आता त्यांचं नाव आहे आणि २०२४ च्या जुलैमध्ये मॅडिसनला राज्याच्या विधानभवनाच्या आवारात त्यांचा पुतळा बसवला गेला.

आता कागदपत्रं. फिलिप्स यांचे कागद विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीच्या मालकीचे आहेत आणि विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी शाखेतल्या अभिलेखागारात पाहायला मिळतात. सोसायटीने राज्यभरच्या विद्यापीठांत अशी केंद्रं उभी केली आहेत आणि संशोधकाच्या सोयीसाठी संग्रह एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात तात्पुरते हलवता येतात. त्यामुळे सूचीत मालक एक आणि ठिकाण दुसरं दिसलं तर गोंधळू नका.

अमेरिकेत नगरसेवकाचं दप्तर दोन ठिकाणी विभागलेलं असतं, हे पक्कं लक्षात ठेवा. प्रस्तावाची अधिकृत फाईल, समितीचा अहवाल, इतिवृत्त ही सार्वजनिक नोंद. ती शहराच्या मालकीची आणि शहराकडेच राहते. पत्रव्यवहार, टिपणं, भाषणांचे कच्चे खर्डे, प्रचाराची पत्रकं हे प्रतिनिधीची खासगी मालमत्ता समजलं जातं आणि तो किंवा त्याचं कुटुंब ते एखाद्या संस्थेला दानपत्र करून देतं. शहराच्या फाईलमध्ये निर्णय मिळतो आणि खासगी कागदांत तो निर्णय कसा झाला याच्या खुणा मिळतात. एकच बाजू वाचून लिहिलेला प्रबंध परीक्षक लगेच ओळखतो.

इतिवृत्त वाचायची रीत सांगते. मिलवॉकीत सभागृहासमोर येणाऱ्या प्रत्येक विषयाला फाईल क्रमांक पडतो. आधी तो शोधा. मग त्या क्रमांकाचा माग काढा: कुणी मांडला, कुठल्या समितीकडे गेला, किती दिवस तिथे होता, शिफारस काय आली, मतदान कशावर झालं. यातला शेवटचा मुद्दा डोळ्यांत तेल घालून तपासा. मतदान मूळ प्रस्तावावर झालं असेल तर ‘होय’ म्हणजे पाठिंबा. तो दप्तरी दाखल करावा या सूचनेवर झालं असेल तर ‘होय’ म्हणजे विरोध. मत कशावर होतं हे न पाहता ‘होय’च्या यादीतल्या सगळ्यांना समर्थक ठरवणारे विद्यार्थी मी पाहिलेत, आणि ती चूक नंतर सगळ्या तक्त्यांत पसरते.

खासगी कागदांत मला सर्वांत मोलाची वाटतात ती नागरिकांची पत्रं. फिलिप्स यांना पाठिंब्याची पत्रं आली तशी द्वेषाने भरलेलीही आली, आणि दोन्ही प्रकार संग्रहात आहेत. द्वेषाची पत्रं वाचताना मन घट्ट करावं लागतं. त्यातल्या काही ओळी दिवसभर पाठ सोडत नाहीत. तरी ती वाचाच, आणि नुसत्या शिव्या मोजू नका. कागद पाहा: छापील पत्रशीर्ष आहे की वहीतलं फाडलेलं पान? सही आहे की निनावी? पत्ता कुठल्या भागातला? टपालाचा शिक्का कुठल्या तारखेचा, आणि त्या आठवड्यात सभागृहात किंवा पुलावर काय घडलं होतं? मुद्दा काय मांडलाय, घराची किंमत उतरेल असा, की माझ्या घरात कुणाला ठेवायचं ते मी ठरवणार असा? हे दोन मुद्दे वेगळे आहेत आणि सभागृहातल्या विरोधी भाषणांतही ते वेगवेगळ्या तोंडांतून येतात. पत्राच्या कोपऱ्यात कार्यालयाने केलेली खूण किंवा उत्तराची कार्बन प्रत असेल तर तिचीही नोंद करा. कुणाला उत्तर गेलं आणि कुणाला नाही, यात प्रतिनिधीचा स्वभाव दिसतो.

आता एक गोष्ट, जी नव्या संशोधकाला कुणी मुद्दाम सांगत नाही. पत्र ज्याला पाठवलं त्याच्याकडे राहतं. म्हणजे फिलिप्स यांच्या संग्रहात तुम्हाला मुख्यतः त्यांना आलेली पत्रं मिळतील. त्यांनी लिहिलेली हवी असतील तर इतरांचे संग्रह उघडावे लागतील. मराठी वाचकांना ओळखीचं उदाहरण देते. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागितल्या होत्या. बाबासाहेबांचं हे पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट शाखेत, डु बॉइस यांच्या कागदपत्रांत जपलेलं आहे. ते शोधणाऱ्याने फक्त मुंबई-दिल्लीतली दप्तरं धुंडाळली असती तर हाती काय लागलं असतं?

तुमच्या सुदैवाने फिलिप्स यांच्याभोवतीचे बहुतेक महत्त्वाचे संग्रह मिलवॉकीत एकाच छताखाली आहेत. फादर ग्रॉपी यांचे कागद तिथे आहेत. शाळांमधल्या वंशभेदाविरुद्ध खटला लढणारे वकील आणि आमदार लॉइड बार्बी यांचेही आहेत. महापौर मायर यांच्या १९६० ते १९८८ या प्रदीर्घ कारकिर्दीचं दप्तर आहे आणि डब्ल्यूटीएमजे या स्थानिक दूरचित्रवाणी केंद्राच्या बातम्यांच्या चित्रफिती आहेत. मायर यांचं दप्तर टाळू नका. एकट्या शहराने कायदा केला तर गोरी कुटुंबं उपनगरांत निघून जातील, म्हणून कायदा सगळ्या काउंटीला लागू करा, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो पूर्णपणे पोकळ नव्हता, कारण उपनगरं खरोखरच दारं लावून बसली होती. पण उपनगरं तयार होईपर्यंत शहराने थांबायचं, असा त्याचा अर्थ निघत होता. तो मुद्दा त्यांच्याच कागदांतून, त्यांच्याच शब्दांत वाचा आणि मग खोडा. विरोधकाची बाजू पुरती मांडल्याशिवाय अठरा जणांचं वागणं समजणार नाही.

अमेरिकेला न जाता किती होईल, असंही तुम्ही विचारलंय. बरंच होईल. विद्यापीठाने ‘मार्च ऑन मिलवॉकी’ या नावाने वरच्या सर्व संग्रहांतले निवडक कागद, छायाचित्रं आणि चित्रफिती इंटरनेटवर विनामूल्य ठेवल्या आहेत. सुरुवात तिथून करा. फक्त हे ध्यानात असू द्या, की ते निवडक आहेत. कुणीतरी, नागरी हक्कांच्या लढ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे वाटलेले कागद त्यातून वेचले आहेत. नगरसेविकेचं रोजचं काम, म्हणजे प्रभागातला कचरा, दिवाबत्ती, परवाने, रस्ते, हे अशा निवडीत मागे पडतं. तुमचा विषय एकटा पडलेला प्रतिनिधी हा आहे. मग रोजच्या कामात तेच अठरा जण त्यांच्याशी कसे वागत होते, हा तुमच्यासाठी कळीचा प्रश्न आहे. त्यासाठी पूर्ण संग्रहाची सूची उघडा, पेटी आणि फोल्डरनुसार वाचा. पुण्यात पेशवे दप्तराचे रुमाल हाताळले असतील तर तुम्हाला सवय असेलच: कागद ज्या क्रमाने ज्याच्यासोबत बांधला गेला, तो क्रमही पुरावा असतो. एकेक सुटा कागद डाउनलोड केल्यावर हा शेजार तुटतो, म्हणून प्रत्येक कागदाबरोबर पेटी आणि फोल्डरचा क्रमांक लिहून ठेवा.

हवे ते फोल्डर ठरले की अभिलेखागाराला ईमेल करा. ‘फिलिप्स यांच्यावर जे आहे ते पाठवा’ असं लिहू नका. संग्रहाचं नाव, पेटी, फोल्डर, तारखांचा टप्पा आणि काय शोधताय हे चार ओळींत लिहा. प्रतींसाठी शुल्क पडू शकतं, ते आधी विचारा. पत्रांतला मजकूर प्रबंधात घ्यायचा तर स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याचा असतो, ज्याला पत्र आलं त्याचा नव्हे, हेही सांभाळा. द्वेषपत्रं लिहिणाऱ्या सामान्य माणसांची नावं छापू नका. त्यांची मुलं-नातवंडं त्याच शहरात राहतात आणि तुमच्या मुद्द्याला त्या नावांची गरज नाही. नगरसेवकांची मतं मात्र नावानिशी द्या. ती सार्वजनिक नोंद आहे आणि ती नावं छापली जावीत यासाठीच तर फिलिप्स प्रस्ताव पुन्हा पुन्हा आणत होत्या.

कुठून सुरू करू, असं विचाराल तर १९६२ चा पहिला मसुदा आणि ३० एप्रिल १९६८ चा मंजूर कायदा हे दोनच कागद आधी मागवा. दोन्ही शेजारी ठेवून वगळलेल्या घरांची कलमं तेवढी ओळीने जुळवा. त्यांतले फरक कळले की मधल्या सहा वर्षांतले कुठले फोल्डर उघडायचे याची यादी तुमची तुम्हीच कराल. सूची वाचताना अडलात तर ती यादी मला पाठवा, मी पाहून देईन.